टीबी आणि एचआयव्ही एकदम निघालं, दोन्हीची औषधं एकाच खिडकीवर घेतली : अनुभव आणि चर्चा

उभाआडवा

नमस्कार मंडळी. इथला जुना वाचक आहे. हा आयडी फक्त या धाग्यासाठी काढलाय. जुन्या आयडीवरून ओळखणारे चारजण इथं आहेत आणि गावात अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही.

इचलकरंजीत एका कारखान्यात दिवाणजी आहे. मला टीबी आणि एचआयव्ही दोन्ही एकाच आठवड्यात कळलं. टीबीचा कोर्स पूर्ण झालाय, एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू आहे, ती कायमची. इथं एचआयव्हीवर धागे आहेत, टीबीवर आहेत, दोन्ही एकत्र असलेल्या माणसावर एकही सापडला नाही. मी रात्र रात्र शोधत होतो तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

यंत्रमागाच्या कारखान्यात खोकणाऱ्या माणसाकडं कोण बघत नाही. सुताची भुकटी उडत असते, सगळेच खोकतात. दोनचार महिने गल्लीतल्या डॉक्टरांकडं अँटिबायोटिकचे कोर्स झाले. दर वेळी आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वजन ६१ वरून ४७ वर आलं. रात्री बनियन पिळून निघेल इतका घाम. एका खाजगी लॅबमध्ये थुंकी तपासली, निगेटिव्ह. एक्सरेही 'फारसं काही नाही' असा. त्यामुळं टीबी नाही असं सगळ्यांनी धरून चालवलं.

मग मानेला गाठ आली, आणि मेहुण्यानं धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं थुंकी मायक्रोस्कोपखाली न बघता सीबीनॅटला, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या यंत्राला लावली. दुपारी दिली, संध्याकाळी उत्तर : टीबी आहे, त्यावरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल. टीबी निघालेल्या प्रत्येकाला एचआयव्ही तपासणीबद्दल विचारतात, तसं मलाही विचारलं. हो म्हणालो. तीही पॉझिटिव्ह. सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फक्त ८४.

त्या दिवशीचं जास्त लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पुढचं मात्र नीट लिहितो, कारण मुद्दा तिथंच आहे. टीबीची आणि एचआयव्हीची, दोन्ही औषधं मला एआरटी केंद्रातूनच मिळाली. एकच डॉक्टर, एकच समुपदेशक ताई, एकच फार्मसीची खिडकी. आधी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, त्या पचतात का बघितलं आणि दोन आठवड्यांच्या आत एआरटी.

टीबीच्या गोळ्या वजनावर असतात. ४७ किलोला रोज तीन, सकाळी उपाशीपोटी. एकेका गोळीत चार औषधं. सोबत बी-सिक्सची एक, हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. ताईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. रात्री जेवणानंतर टीएलडी, म्हणजे एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर. शिवाय सकाळी नऊला वेगळ्या डबीतली एक डोल्युटेग्राविर. हिच्यासाठीच मी हा धागा काढलाय म्हटलं तरी चालेल. रिफाम्पिसिन चालू असताना एक डोल्युटेग्राविर पुरत नाही, म्हणून बारा तासांच्या अंतरानं दुसरी घ्यावी लागते. टीबीचा कोर्स संपल्यावरही पुढं दोन आठवडे ती चालू ठेवायची, मग बंद.

केंद्रात भेटलेल्यांपैकी निम्म्या लोकांना ही दुसरी गोळी कशासाठी हे माहीत नव्हतं. 'ताकदीची असेल' म्हणून घेत होते, आणि बाहेरगावी जाताना तीच घरी ठेवून जात होते.

एआरटी सुरू होऊन तीनेक आठवडे झाले असतील, ताप परत आला. गाठ लिंबाएवढी झाली, दुसऱ्या बाजूलाही एक आली. घरात सगळ्यांचा एकच सूर : औषध लागू पडेना, बंद करा. डॉक्टरांनी गाठीतलं पाणी काढून पुन्हा तपासायला पाठवलं, औषधाला दाद न देणारा टीबी नाही ना याची खात्री केली आणि मग समजावलं. बंद पडलेला कारखाना महिन्यांनी सुरू केला की पहिल्यांदा धुरळाच उठतो, तसं हे. अंगातली प्रतिकारशक्ती जागी व्हायला लागते आणि आतापर्यंत गप्प बसून असलेल्या टीबीवर तुटून पडते. सूज त्याची. काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, हळूहळू कमी केल्या. एआरटी एक दिवसही थांबवली नाही.

आणखी एक. वजन ५३ झालं तेव्हा टीबीच्या गोळ्या तीनाच्या चार केल्या. बायको म्हणाली, "बरं व्हायला लागल्यावर गोळ्या वाढवतात होय?" वजनाचा पट्टा बदलला की डोस बदलतो, एवढंच ते. पण वजनकाटा, टीबीचं कार्ड आणि एआरटीचं पुस्तक एकाच टेबलावर होतं म्हणून ते कुणाच्या तरी लक्षात आलं.

आता वजन ५८. व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीच्या विषाणूचं प्रमाण) शेवटच्या तपासणीत सापडला नाही. सीडीफोर २६०. तो सावकाश वाढतो म्हणतात.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल तेवढं सांगेन.

---

वारणाकाठ

धागा काढल्याबद्दल आभार. वाचनखूण साठवली आहे.

---

छातीचा_डॉक्टर

उत्तम लिहिलंत. थोडी वैद्यकीय भर घालतो.

थुंकी निगेटिव्ह आली यात आश्चर्य नाही. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला ते थुंकीत भरपूर असावे लागतात. फुप्फुसात पोकळी पडते तेव्हा ते भरपूर सुटतात. पण पोकळी पडायलाही प्रतिकारशक्तीच लागते! सीडीफोर शंभराच्या खाली गेलेल्या माणसात ती धडपणे पडतच नाही. एक्सरे जवळजवळ साफ, थुंकी निगेटिव्ह, आणि टीबी मात्र गाठीत, पोटात, छातीच्या पाण्यात, सगळीकडे. म्हणून एचआयव्हीबाधित माणसाची थुंकी पहिल्यांदाच सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला लावायची असते. सीडीफोर फार कमी असेल, माणूस अत्यवस्थ असेल आणि थुंकी निघतच नसेल, तर लघवीवरची लॅम नावाची पट्टी-चाचणीही आहे. पंचवीस-तीस मिनिटांत उत्तर.

गल्लीतल्या कोर्सनं 'आठवडाभर बरं वाटायचं' हे वाचून चडफडलो. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूलाही थोडा मार देतात. रोग दबतो, निदान लांबतं. हे आम्ही रोज बघतो.

दोन्ही औषधं एकाच दिवशी का सुरू करत नाहीत? एक तर गोळ्यांचा डोंगर. दुसरं, पुरळ आलं किंवा कावीळ झाली तर दोषी कोण हे कळत नाही. पण फार थांबूनही चालत नाही, सीडीफोर खाली असेल तर थांबण्यात माणूस जातो. म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या आत. अपवाद मेंदूच्या टीबीचा. तिथं सूज आली तर कवटीच्या आत जागाच नाही, म्हणून एआरटी चार ते आठ आठवड्यांनी.

ही सूज, जिला आम्ही आयरिस म्हणतो, बहुतेकदा आपोआप किंवा स्टेरॉइडनं ओसरते. पण ती आयरिसच आहे हे ठरवणं घरच्यांचं काम नाही. औषधाला न जुमानणारा टीबी, गोळ्या न घेणं, दुसरं एखादं इन्फेक्शन, हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं.

---

मुक्ता_प

डॉक्टर, आणि उभाआडवा दादा, एक विचारायचं होतं. माझ्या भावाचं पुण्यात खाजगीत चालू आहे. टीबीचे डॉक्टर वेगळे, एचआयव्हीचे वेगळे. टीबी सुरू होऊन महिना झाला. तो रोज रात्री फक्त एक टीएलडी घेतो. सकाळची दुसरी डोल्युटेग्राविर त्याला कुणीच दिलेली नाही. टीबीच्या डॉक्टरांना त्यानं एचआयव्हीचं सांगितलेलंच नाही, असं आज मला कळलं. तो म्हणतो, "त्यांच्या रिसेप्शनवर गावची मुलगी आहे."

---

छातीचा_डॉक्टर

@मुक्ता_प, हे उद्याच मार्गी लावा. दोन्ही चिठ्ठ्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून एचआयव्हीच्या डॉक्टरांकडे जा. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन आहे एवढं एक वाक्य पुरे, पुढचं त्यांना कळेल. रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं आणि यकृत डोल्युटेग्राविर झपाट्यानं बाहेर टाकतं. रक्तात औषध कमी पडलं की विषाणूला सवय व्हायला वाव मिळतो. जुन्या औषधांच्या मानानं डोल्युटेग्राविर बरंच चिवट आहे, त्यामुळे घाबरू नका, पण महिना झालाय. तुम्ही किंवा भावानं आपल्या मनानं गोळी वाढवू नका आणि टीबीची बंदही करू नका.

त्याला मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. डोल्युटेग्राविरबरोबर तिचा डोस बघावा लागतो. ॲसिडिटीचं पांढरं औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, यांचंही सांगा. ही सगळी डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. ॲसिडिटीचं औषध घ्यायचंच असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

---

उभाआडवा

मुक्ताताई, भावाला म्हणावं सरकारी एआरटी केंद्रात नाव घाल. खाजगीतलं चालू ठेवायचं असेल तर ठेव, पण एकदा तिथं दाखव. औषधं फुकट आहेत म्हणून नव्हे. मी सुरुवातीला खाजगीत चौकशी केली होती, पैशाचा प्रश्न नव्हता. पण दोन हुशार डॉक्टर एकमेकांना फोन करणार नसतील तर त्यांच्या हुशारीचा आपल्याला उपयोग काय? मधल्या मधे निरोप्या आपणच, आणि निरोप्या लाजतोय!

रिसेप्शनवरच्या मुलीची भीती मला समजते. माझ्या केंद्राच्या रांगेतही पहिल्याच महिन्यात आमच्याच गल्लीतला एकजण भेटला. दोघंही तिथं त्याच कामाला आलो होतो. आता चहा बरोबर पितो.

---

कडूलिंब

माफ करा, पण इतकी केमिकलं पोटात घालून यकृताचं काय होत असेल? आमच्याकडे एक वैद्य आहेत, गुळवेलीच्या काढ्यानं सीडीफोर दुप्पट केल्याचे रिपोर्ट आहेत त्यांच्याकडे. ज्यांना हवा असेल त्यांनी व्यनि करा, नंबर देतो.

---

जुनं_खोड

कडूलिंबराव, व्यनि कशाला, इथंच बोलू.

मी एचआयव्हीला वीस वर्षांपेक्षा जास्त झाली घेऊन फिरतोय. २००४ च्या आधी या देशात सरकारी एआरटी नव्हती. बाहेर औषध घ्यायचं तर पगार पुरायचा नाही. तेव्हा आमच्याकडं काढेच होते. काढे, ताईत, मांत्रिक, आणि एक 'इंजेक्शनवाला' होता तो घर विकायला लावायचा. माझ्या ओळखीतली त्या काळातली बरीच माणसं आज नाहीत. १ एप्रिल २००४ ला देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत फुकट एआरटी सुरू झाली, मुंबईत जे. जे. ला. मी त्यानंतर वर्षभरात लागलो म्हणून आज टायपतोय.

मलाही टीबी झाला होता, तेव्हाचं सांगतो. टीबीच्या गोळ्या दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, त्याही आरोग्य केंद्रावर जाऊन ताईंच्या समोर गिळायच्या. एचआयव्हीची औषधं शंभर किलोमीटरवरच्या शहरात. टीबीच्या माणसाला एचआयव्हीचं माहीत नाही, आणि शहरातला डॉक्टर विचारायचा, "टीबीचं कार्ड कुठाय?" कार्ड आरोग्य केंद्रातल्या कपाटात! मला नेव्हिरापिन चालू होती. रिफाम्पिसिनबरोबर ती नीट चालत नाही म्हणून बदलून एफाविरेंझ दिली. तिनं रात्री अशी स्वप्नं पडायची की मेलेला आजा येऊन विहिरीच्या वाटणीवर भांडायचा. त्याआधीच्या स्टॅव्हुडिननं गाल बसले ते बसलेच. लोक गालावरूनच ओळखायचे.

२०१६-१७ च्या सुमाराला टीबीच्या रोजच्या गोळ्या आल्या, आणि आमच्यासारख्यांना त्या एआरटी केंद्रातूनच मिळायला लागल्या. मला स्वतःला उपयोग नव्हता, माझा टीबी कधीच संपला होता. पण एचआयव्हीबाधितांच्या नेटवर्कच्या कामात असल्यामुळं बघितलं. रिकाम्या पोटी दोन गावं फिरणं बंद झालं एवढ्यानंच किती माणसं टिकली.

तेव्हा गोळ्यांच्या पाकिटाला मागून एक कागदी पाकीट चिकटवलेलं असायचं. गोळी ढकलली की कागद फाटून आत लपवलेला फोन नंबर दिसायचा. त्यावर फुकटचा कॉल करायचा, की तिकडं नोंद : यानं आज गोळी घेतली. नंबर रोज वेगळा, त्यामुळं गोळी काढल्याशिवाय कळायचा नाही. कॉल आला नाही तर केंद्रातून विचारणा. काही बहाद्दर गोळी काढून, कॉल करून, गोळी गटारात टाकायचे तो भाग वेगळा.

यकृताचं म्हणाल तर टीबीच्या औषधांनी कावीळ होऊ शकते, खरं आहे. म्हणून मळमळ, भूक मरणं, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी केंद्रात जायचं, आणि देशीला हात लावायचा नाही. वरून माहीत नसलेला काढा ओतला तर डॉक्टरला कावीळ कशाची तेच कळत नाही.

---

प्रशासक

कडूलिंब यांचा त्यानंतरचा प्रतिसाद काढून टाकला आहे. औषधं बंद करण्याचा सल्ला आणि फोन नंबर या धाग्यावर चालणार नाहीत.

---

शेवंता

+१ जुनं_खोड. विहिरीची वाटणी :)

मला विचारायचं होतं, घरच्यांचं काय केलंत? लहान मुलं आहेत का? ताटवाटी वेगळी ठेवायची का?

---

उभाआडवा

ताटवाटी वेगळी ठेवायची नाही. टीबी हवेतून येतो, वाटीतून नाही, आणि एचआयव्ही तर हवेतूनही नाही. पहिले काही आठवडे मी खिडकी असलेल्या खोलीत झोपलो, तोंडाला मास्क, खोकताना रुमाल.

बायकोची एचआयव्ही तपासणी झाली, निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. मुलगा चौथीत आहे. दोघांची टीबीची तपासणी झाली. आजार नाही असं बघून दोघांनाही टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध दिलं. मुलाला एवढंच माहीत आहे की पप्पांना टीबी झाला होता.

तिला मी कसं सांगितलं हे विचारू नका. मी सांगितलंच नाही. समुपदेशक ताईंनी मला तयार केलं, मग दोघांना समोर बसवलं आणि मी बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मला त्या डबीवरचं वाचता येतं."

---

समुपदेशिका_कोल्हापूरकडची

उभाआडवा, छान लिहिताय. मी या कामात आहे, कुठल्या केंद्रात ते सांगत नाही. दोनतीन गोष्टी जोडते.

एआरटी केंद्रात प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारतात : खोकला आहे का, ताप आहे का, वजन कमी झालं का, रात्री घाम येतो का. लोक वैतागतात, "दर महिन्याला तेच काय विचारताय?" एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला दोन आठवड्यांचा व्हायची वाट बघायची नसते. कालपासूनचा खोकलाही सांगायचा. चारही उत्तरं 'नाही' असतील तर टीबी होऊ नये म्हणूनचं औषध सुरू करतात. टीबी एकदा होऊन बरा झालेल्यांनाही, कोर्स संपल्यावर, ते देतात. उभाआडवा, तुमचं सुरू झालं का? झालं नसेल तर पुढच्या खेपेला विचारा.

दुसरी इन्फेक्शनं होऊ नयेत म्हणूनची कोट्रायमोक्झाझोलची गोळीही चालू असेलच. सीडीफोर ३५० च्या वर जाऊन टिकेपर्यंत ती बंद करू नका. 'साधी गोळी' म्हणून लोक तीच पहिली सोडतात.

ज्यांचा जोडीदार निगेटिव्ह आहे त्यांच्यासाठी : व्हायरल लोड सापडेनासा होऊन तसाच टिकला, गोळ्या रोजच्या रोज चालू राहिल्या, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही. हे आता पक्कं ठरलेलं आहे. तिथवर निरोध. मूल हवं असलेली जोडपीही आमच्याकडं येतात, त्यांनाही रस्ता आहे. पण रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहू नका, त्याही नीट काम करत नाहीत. हे बायकांना कुणी सांगत नाही.

आणि नोकरीवरचं. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, तुमचं निदान तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि त्यावरून नोकरीवरून काढता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा असतो, दवाखान्यांत वीसच माणसं असली तरी. टीबीसाठी रजा मागताना टीबीचं प्रमाणपत्र पुरतं. त्यावर एचआयव्ही लिहायची गरज नसते. लिहिलं असेल तर बदलून मागा.

---

वारणाकाठ

पैशाचं काय? टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे मिळतात का खरंच?

---

उभाआडवा

मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० झालेत, आधी ५०० होते. मला वेळेवर नाही मिळाले, खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, ते जोडल्यावर एकदम आले. शेंगदाणे, अंडी, दूध यात गेले. हजारात घर चालत नाही, पण रोजचं एक अंडं निघतं. ज्यांचं उत्पन्न अगदीच कमी आहे त्यांनी तहसीलमध्ये संजय गांधी निराधारची चौकशी करा, त्या यादीत टीबी आणि एड्स दोन्ही आहेत. एसटीतल्या प्रवासाचीही सवलत आहे, केंद्रातून दाखला मिळतो. मी ती घेत नाही. कंडक्टरला कशासाठी दाखला ते दिसतं.

---

जुनं_खोड

आणि ते किट! निक्षय मित्र म्हणून कुणीतरी धान्याचं किट देतं, चांगली गोष्ट आहे, डाळ-तांदूळ कुणाला नको असतात. पण देताना पाच जण पेशंटला मधे उभं करून फोटो काढणार आणि तो फोटो संध्याकाळी गावच्या ग्रुपवर. टीबीचा आहे म्हणून काढला, पण गावातली माणसं दोन अधिक दोन करतात. आमच्या एका पोरीनं त्या फोटोनंतर केंद्रात यायचंच सोडलं. तिला परत आणायला महिना लागला.

---

गोंयकार_मास्तर

फोटो बंद व्हायलाच हवेत. किट नाकारता येतं का?

(आणि वर ट्रूनॅटचा उल्लेख आला म्हणून : ते यंत्र आमच्या गोव्याच्या कंपनीचं. बॅटरीवर चालतं, एसी लागत नाही, म्हणून लहान दवाखान्यातही ठेवता येतं. थोडा अभिमान बाळगू द्या.)

---

समुपदेशिका_कोल्हापूरकडची

@गोंयकार_मास्तर, बाळगा की!

किट नाकारता येतं आणि किट घेऊन फोटोही नाकारता येतो. निक्षय मित्राला पेशंटशी जोडण्याआधी त्याची संमती घ्यायची असते. फॉर्मवर 'नाही' म्हणायची सोय आहे, पण फॉर्म वाचून दाखवायला कुणाला वेळ नसतो. आम्ही आमच्या लोकांना सांगतो : किट नातेवाइकानं केंद्रातून न्यायचं, फोटो नाही. देणारा खरंच देणारा असेल तर त्याला चालतं.

---

मुक्ता_प

अपडेट. भाऊ एआरटी केंद्रात जाऊन आला. मीही गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या आणि दुसरी डोल्युटेग्राविर सुरू केली. व्हायरल लोड कधी करायचा ते लिहून दिलंय. खाजगीतल्या टीबीच्या डॉक्टरांना बंद लिफाफ्यात पत्र दिलं. आणि गंमत म्हणजे ते वाचून म्हणाले, "मला शंका होतीच, पण विचारायचं कसं?" महिनाभर दोघंही एकमेकांना विचारत नव्हते!

भावाला आता गोळ्या मोजून ठेवायला सात खणांची डबी आणलीय. डॉक्टर, खूप आभार.

---

छातीचा_डॉक्टर

वा. 'विचारायचं कसं' हे ऐकून मात्र आमच्या व्यवसायाची लाज वाटली. टीबीच्या प्रत्येक पेशंटला एचआयव्ही तपासणी सुचवायची असते, खाजगीतसुद्धा. यात संकोच कसला?

---

सुरतवाला

मी पण मागावरच आहे. मूळचा सोलापूरकडचा, सध्या गावी. टीबीचा तिसरा महिना आणि एआरटी चालू. मालक म्हणतो लगेच सुरतला ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो. औषधं तिकडं मिळतील का? का दोन्ही परत पहिल्यापासून?

---

उभाआडवा

पहिल्यापासून काही नाही, घाबरू नका. पण न सांगता गाडीत बसू नका. तुमच्या केंद्रात जाऊन सुरतला चाललोय म्हणून सांगा. ते तिकडच्या एआरटी केंद्राच्या नावानं बदलीचं पत्र देतील. टीबीची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर असते, तीही तिकडं वळवतात. पत्र, एआरटीचं पुस्तक, टीबीचं कार्ड, शेवटचे सीडीफोर आणि व्हायरल लोडचे कागद, सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तिकडं नाव लागेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्या, तिन्ही प्रकारच्या : टीबीच्या, टीएलडी, आणि ती सकाळची दुसरी डबी. ती तुम्हाला देतात ना?

---

सुरतवाला

हो, देतात. छोटी पांढरी डबी. मला वाटलं ती बी-सिक्स.

---

समुपदेशिका_कोल्हापूरकडची

ती बी-सिक्स नव्हे! डबीवरचं नाव अक्षर न् अक्षर इथं टाका, किंवा उद्या केंद्रात दाखवा. आणि मधेच चार दिवस चुकवली असेल तर तेही तिथं सांगा, कुणी ओरडणार नाही. सुरतच्या केंद्राचा पत्ता तुमच्याच केंद्रातून मिळेल. नाही मिळाला तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे. रविवारी पोचत असाल तर गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, त्या दिवशी केंद्र बंद असतं.

---

सुरतवाला

डोल्युटेग्राविर ५० लिहिलंय. उद्या जातो केंद्रात. मालकाला सोमवारनंतर येतो म्हणून कळवलं.